मानस

पाद्री इल्देफोन्सो यांना ळ येत नसे.
मूळ पाप म्हणायला जात आणि मूल पाप म्हणत,
दारातली पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत.
मी, पुरसू शेणय, महिना दोन पार्दाव आणि कुडवभर तांदूळ घेऊन
रायतूरच्या त्या दगडी खोलीत
जीभ टाळूकडे कशी मुडपायची ते शिकवत होतो.
माझा देव तेव्हा नदीपलीकडे अंत्रुजात गेला होता,
रात्री, होडीतून, घोंगडीखाली.
मी अलीकडे राहिलो. जमीन अलीकडे होती.

त्यांचं गाव सालामांका. तिथे नदीवर जुना पूल,
आणि पुलावर विद्यार्थी भांडतात ते बांधावरून नव्हे,
माणूस देवाकडे वळतो तो आपण होऊन वळतो
की देवच त्याची मान धरतो, यावरून.
दोन मठ वीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
ऐकून मला बरं वाटलं.
म्हणजे तिथेही भटजी आहेत.

आल्बेद्रीओ, ते म्हणाले. याला तुमच्यात शब्द काय?
मी इच्छा दिली. फार भुकेली, म्हणाले.
मर्जी दिली, ती सरकारची निघाली.
खुशी, हट्ट, मनचं,
दमट कागदावर सगळे खोडले जाऊन
शाईचा एकच काळा डाग उरला.
चला, म्हटलं.

खाजनाच्या बांधावर, जोडे हातात,
मी त्यांना मानस दाखवली.
लाकडी दार, वरच्या बिजागरीवर लटकलेलं.
भरतीचं खारं पाणी रेटतं तेव्हा मिटतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडतं.
"पण मानस म्हणजे मन, असं तुम्ही परवा सांगितलंत."
होय. पोथीत मन. इथे हे.

बराच वेळ ते उभे होते.
पायावरून एक कुर्ली तिरकी निघून गेली.
मग मानशीवरच्या गावड्याला त्यांनी विचारलं
(तो आता कायतान, आधी बुधो),
कोण उघडतं? पाणी, की दार?
कायतान हसला. त्याला वाटलं, खरंच ठाऊक नाही बिचाऱ्याला.
"पाणीच उघडतं, पाद्रीबाब. पण दार सैल हवं.
लाकूड फुगलं, की पाण्यानं खुशाल कपाळ आपटावं."

पाद्रींनी ते तिथेच लिहून घेतलं, गुडघ्यावर.
मग आवाज खाली आणून:
तुझ्या डोक्यावर पाणी घातलं त्या दिवशी तुझी...
आणि शब्दासाठी माझ्याकडे पाहिलं.
मी दिला नाही.
कायतान फटीतलं शेवाळ बोटानं काढत राहिला.
"त्या दिवशी भरती होती," म्हणाला.

पंधरा पानांचं पत्र गेलं गोव्याला.
लॅटिन. मला त्यातला एकच शब्द वाचता आला,
तो माझाच होता, आणि मात्रा-वेलांटीची भानगड नसल्यानं बरोबर होता.
बाकीचं त्यांनी तोंडी सांगितलं:
ज्याचं दार बाहेरून ओढलं तो आत आलेला नाही,
आणि ज्यांना आपला देव ठाऊक नाही
त्यांचीही शेतं त्यांचीच असतात.
मी दार लावून घेतलं. असं मोठ्यानं बोलू नये.

उत्तर कागदावर आलं नाही.
एक होडी आली, त्यात दोन माणसं.
सामान काय बांधू, विचारलं, तर म्हणाले: नादा.
मला नाद ऐकू आलं. कसला, म्हटलं.
काहीच नाही, त्यांनी समजावलं,
सगळं टाकून झाल्यावर जे उरतं, ते.
तेच आमच्यात नाद, मी म्हणालो.
दोघांनाही ते धड पटलं नाही.
होडी सुटताना ओरडले, "कालजी घ्या!"
ळ शेवटपर्यंत आला नाही.

नव्या पाद्रींना भाषा नको आहे.
मी गावकारीत भात मोजतो.
यंदा मानस जरा फुगली होती,
कायतानने रंधा फिरवला,
नखभर.